माटसाबांची सही

“मामा आ गया क्या? आया हो तो बाहर बिठा दो उसको, मैं कॉल पे हूँ.”

आमचे मॅनेजर आतल्या खोलीतून हे ओरडले, तेव्हा ज्यांच्याविषयी ओरडले ते गृहस्थ माझ्या टेबलाशी येऊन उभे होते. धारच्या ऑफिसात माझा दुसराच आठवडा होता. मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. काही ऐकलंच नाही असा चेहरा करणं मला लहानपणापासून चांगलं जमतं.

गृहस्थ उंच, सडपातळ, साठीच्या पुढचे. पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटण लावलेला आणि खाली निळी जीन्स. ते बाहेर बसले नाहीत. सरळ मॅनेजरांच्या दारात गेले आणि हात जोडले.

“राम-राम, भानजे. माताजी का नाम क्या है आपकी?”

“जी?”

“मामा बोला ना आपने. तो माताजी मेरी बहन हुईं. बहन का नाम तो मालूम होना चाहिए. राखी पे आती नहीं, नाराज़ है क्या?”

मॅनेजरांनी फोन पालथा ठेवला. “अरे माटसाब, आप भी! बैठो, बैठो.”

माटसाब, म्हणजे मास्टरसाहेब, बसले आणि शांतपणे विचारू लागले, भाच्याचं लग्न ठरलं का, कारण मग त्यांना मामेरं आणावं लागेल. मामेरं म्हणजे भाचरांच्या लग्नात मामानं न्यायचा आहेर. माळव्यात त्याशिवाय मांडव पुरा होत नाही. मॅनेजरांचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. “मतलब मुझे बुलाया ही नहीं!” माटसाब म्हणाले. ऑफिसातले सगळे हसले. मीही हसले, पण खाली बघून.

हे ते सगळीकडे करत. कुक्षीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, “मामा, पीछे सरको,” की हे उठून उभे राहत आणि त्याच्या आईची चौकशी सुरू करत. एका कंडक्टरनं बिचाऱ्यानं खरंच नाव सांगितलं. मग माटसाब पुढच्या वेळी त्या बाईंसाठी पिशवीभर सीताफळं घेऊन बसमध्ये चढले. तो कंडक्टर पुन्हा कधी कुणाला मामा म्हणाला नाही, असं ते सांगायचे. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धार, कुक्षी, इंदूरपर्यंत शहरातली माणसं भिल्ल माणसाला ‘मामा’ म्हणतात. नवख्या कानाला ते गोड लागतं. पण दहा वर्षांचं पोर सत्तरीच्या म्हाताऱ्याला “ए मामा, उठ इधर से” म्हणतं तेव्हा त्यात नातं कुठंच नसतं. मला हे नव्यानं कुणी शिकवावं लागलं नाही. देवासला आमच्या कंपनीच्या क्वार्टरसमोर पाइपलाइनसाठी चर खणत होते तेव्हा मी दुसरीत असेन. आई म्हणाली होती, “त्या मामाला पाणी दे. पण आपला ग्लास नको, तो डबा घे.” मी डबा घेतला होता.

त्या पहिल्या दिवशी जाताना माटसाब माझ्यापाशी थांबले. फायलीवर माझं आडनाव होतं.

“आपण महाराष्ट्रीय काय?” त्यांनी विचारलं. मराठीत. आणि ती कसली मराठी! “आपले मूळ ग्राम कोणते?”

मी म्हणाले, “पप्पा जळगाव साइडचे आहेत. आम्ही देवासला असतो.”

“साइडचे,” ते म्हणाले. “बरे.”

ते लहान असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना नर्मदेपलीकडे, महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडे धाडलं होतं. तिथल्या आश्रमशाळेत ते सातवीपर्यंत शिकले. मराठी त्यांनी माणसांकडून घेतली नव्हती, क्रमिक पुस्तकातून घेतली होती, आणि ती तशीच कोरी जपून ठेवली होती. चहा गार झाला तर म्हणत, “सदरहू चहा निरुपयोगी झाला आहे.” डहीच्या पुढच्या डोंगरात त्यांच्या फलियात, म्हणजे टेकड्यांवर सुट्या सुट्या घरांच्या वस्तीत, ही मराठी बोलायला कुणीच नव्हतं. मी गेले की त्यांना कोण आनंद होई. पण त्यांनी लवकरच ओळखलं की मला मराठी नीट वाचता येत नाही. आमच्या घरी मराठी बोलायची होती, वाचायची नव्हती. माझी शाळा इंग्रजी, दुसरी भाषा हिंदी. देवनागरी अक्षरं तीच, तरी मराठी वाक्यात मी ठेचकाळायची.

“लाजू नये,” ते म्हणाले. “माझ्या शाळेतली अर्धी मुले स्वतःच्या भाषेत ठेचकाळतात. त्यांना कोणी ती लिहिलेली दाखवलीच नाही.”

मग दर महिन्याच्या अहवालासोबत ते मला मराठीत एक पानभर चिठ्ठी पाठवू लागले. ती मी त्यांना फोनवर मोठ्यानं वाचून दाखवायची. आज मी हे मराठीत लिहिते आहे ते त्या चिठ्ठ्यांमुळे. हे लिहिताना हात थोडा अडतो.

सरकारी शाळेतून प्रधानपाठक म्हणून निवृत्त झाल्यावर ते आमच्या संस्थेच्या केंद्रात शिकवत होते. पहिली-दुसरीच्या मुलांना आधी भिलीत, मग हळूहळू हिंदीत. केंद्रात दुसरी शिक्षिका होती सेवंती, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. कुक्षीच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, मोटारसायकल चालवणारी, कमी बोलणारी. माझं काम धारला बसून या सगळ्याचे इंग्रजी अहवाल लिहायचं.

त्यांचा हजेरीपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं कुणीतरी त्यावर खेळलंय. नावापुढे ‘उ’ किंवा ‘अ’ नव्हतं. शब्द होते. सरडा. तुटलेली चप्पल. कुकडो, म्हणजे कोंबडा. पोलीसगाडी. ‘काका, गुजरातहून’. माटसाब पूर्ण नाव पुकारत, बापाच्या नावासकट, शेवटी ‘जी’ लावून. मुलानं “हाजिर” म्हणायचं नाही, वाटेत काय पाहिलं ते सांगायचं. ते लिहिलं जाई. कुणी “काही नाही” म्हणालं तर गैरहजर.

“अहो, पण तो समोर बसलाय,” मी म्हणाले.

“डोळे घरी राहिले आहेत. आणेल उद्या.”

तपासायला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, की यातून उपस्थितीची टक्केवारी कशी काढायची? माटसाब म्हणाले, “साहब, आप रास्ते में क्या देख के आए?” साहेब गाडीत फोन बघत आले होते. माटसाबांनी त्यांच्या नावापुढे काय लिहिलं ते मी सांगत नाही.

केंद्रात कुणी चपला काढायच्या नाहीत, हाही त्यांचाच नियम. माझी पावलं सवयीनं दाराशी थांबत आणि ते ओरडत, “ताई, पादत्राणांसह!” नोकरीवर रुजू व्हायला ते तालुक्याच्या कचेरीत गेले होते तेव्हा त्यांना चपलांच्या ढिगाशेजारी बसवलं होतं, दुपारपर्यंत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चिठ्ठीत. चिठ्ठी वाचताना मी त्या ओळीवर अडखळले आणि ते फोनवर म्हणाले, “अडखळू नका. शब्द सोपा आहे.”

मात्र जुनं ते सारं सोनं असं त्यांचं मुळीच नव्हतं. पाहुणे येत आणि हळहळत, की होळीआधीच्या भगोरियाच्या बाजारात आता पोरं जीन्स घालून येतात, लग्नात ढोल जाऊन डीजे आला, संस्कृती चालली. माटसाब आपली निळी जीन्स थोपटत. “इसमें चार जेब हैं. लंगोट में एक भी नहीं थी.” एका पाहुण्यांना मुलांचा नाच हवा होता, तीर-कामठं घेऊन, पिसं लावून. माटसाब म्हणाले, “ज़रूर. पहले साहब अपना नाच दिखाएँ, बच्चे भी कुछ सीखेंगे.” ते जाडगेले साहेब मोठ्या मनाचे निघाले. त्यांनी गरब्याची दोन पावलं टाकली. मुलं खो-खो हसली, पण नाचली नाहीत. दोन्ही बाजू बरोबरीत सुटल्या, असा निकाल माटसाबांनी दिला.

पालकसभेत ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. पीथमपूरच्या कारखान्यात, सुरतेच्या साइटवर, कुठंही कागद पुढे आला की वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. “पहले अंगूठा था, अब साइन है. बिना पढ़े साइन की तो वो भी अंगूठा ही है.” म्हाताऱ्या बायासुद्धा हे वाक्य त्यांच्यासोबत म्हणायच्या.

आता मला जे सांगायचं आहे ते.

संस्थेला देणगीदारांसाठी इंग्रजी पुस्तिका काढायची होती. मुखपृष्ठावर माटसाबांचा फोटो ठरला. मी मजकूर लिहिला आणि मथळा दिला, ‘निवृत्तीनंतरचे हेडमास्तर’. संस्थेच्या दिल्लीच्या ऑफिसातून उत्तर आलं, फार कोरडं आहे; तिथले लोक त्यांना काय म्हणतात?

मॅनेजर माझ्या खुर्चीमागे उभे होते. “मामा बोलते हैं, और क्या. ‘मामाज् स्कूल’ डाल दे. एकदम प्यारा लगेगा.”

मी टाइप केलं. कुणी माझा हात धरला नव्हता. स्क्रीनवर ते मलाही छान दिसलं. इंग्रजीत गेल्यावर तो शब्द धुऊन निघाल्यासारखा वाटला, गोष्टीतल्या प्रेमळ मामासारखा. वाचणारे दिल्लीचे आणि परदेशातले. त्यांना काय कळणार, असंही माझ्या मनात आलं. म्हणजे काय कळण्यासारखं आहे ते मला ठाऊक होतं.

फोटो छापायला त्यांची लेखी संमती हवी होती. फॉर्म इंग्रजीत. मी तो घेऊन केंद्रावर गेले. शाळा सुटली होती, माटसाब व्हरांड्यात बसून खडू मोजत होते. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत पाहिला आणि मला परत दिला.

“हा आंग्लभाषेत आहे. माझे आंग्लज्ञान बेताचे. आपण मराठीत वाचावे, मी ऐकतो.”

ते डोळे मिटून बसले. मी एकेक ओळ मराठी करून वाचू लागले. छायाचित्र वापरण्यास माझी हरकत नाही. माझ्यावर कोणतीही सक्ती नाही. तिसऱ्या ओळीत पुस्तिकेचं नाव होतं. माझं बोट तिथं थांबलं.

मला त्यांच्या प्रश्नाची भीती वाटली. त्यांनी डोळे उघडून माझ्या आईचं नाव विचारलं असतं. आणि मला तो डबा आठवला असता.

“पुस्तिकेचे नाव,” मी वाचलं, “सरांची शाळा.”

“सरांची? माटसाबांची नव्हे?”

“इंग्रजीत सर म्हणतात.”

“उत्तम. सर तर सर.” ते हसले. मग त्यांनी सही केली. नुसती सही नाही. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, फलिया. झाल्यावर म्हणाले, “ताई, आपले वाचन पुष्कळ सुधारले. मध्ये कुठे अडखळला नाहीत.”

पुस्तिका निघाली. दोन आठवड्यांत मुखपृष्ठाचा फोटो तिकडच्या तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचला. तो इंग्रजी शब्द वाचायला कुठल्या कॉलेजात जावं लागत नाही. रविवारी केंद्राच्या अंगणात वीसेक मोटारसायकली उभ्या राहिल्या. मुलं पीथमपूरहून आली होती, एक जण सुट्टीवर सुरतेहून आलेला. मॅनेजर आणि मी धारहून गेलो. मी टिपण घ्यायला.

पीथमपूरचा एक जण उभा राहिला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं. “माटसाब, प्लांट में रोज़ सुनते हैं हम. ए मामा, ये उठा. ए मामा, उधर हट. आपने सिखाया था, पलट के माँ का नाम पूछो. मैंने पूछा, नौकरी जाते-जाते बची. और आप ख़ुद फोटो के ऊपर छपवाते हो?”

“देखो, ज़बरदस्ती किसी ने नहीं की,” मॅनेजर म्हणाले आणि फायलीतून तो कागद काढला. “ये रही इनकी साइन.”

कागद हातोहात फिरला. सेवंतीनं तो नीट वाचला. तिला इंग्रजी येत होतं, माटसाबांनीच सुरुवात करून दिली होती.

“आपने पढ़के साइन की?” तिनं विचारलं.

माटसाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांच्या डाव्या हाताला, तीन फुटांवर बसले होते.

“पढ़के की,” ते म्हणाले.

“ये शब्द पढ़ा?”

“पढ़ा.”

माझ्या मांडीवर वही होती. मी त्यात इंग्रजीत लिहिलं, की संमती स्वतः वाचून दिल्याचं त्यांनी सर्वांसमक्ष मान्य केलं. अक्षर चांगलं आलं होतं.

त्या दिवशी असं ठरलं, की माटसाबांनी केंद्रावर येऊ नये. संस्थेनं पुस्तिका मागे घेतली, दिलगिरीचं पत्र दिलं. मॅनेजर राहिले. मी राहिले.

पुढच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले. ते खाटेवर बसून मक्याची कणसं सोलत होते. मी सुरुवात केली, “सर, त्या दिवशी मी...”

“ताई,” ते म्हणाले, “आपली नोकरी नवी आहे. आपल्या घरी काय सांगाल? माझे काय, मला गावातून कोण काढणार? गाव माझेच आहे.” मग त्यांनी मला एक कणीस दिलं सोलायला. मला आधी हायसं वाटलं. खरंच वाटलं. लाज नंतर आली, परतताना बसमध्ये, अमझेऱ्याच्या आसपास, आणि धार येईपर्यंत मी तिला समजावून गप्प बसवलं.

चिठ्ठ्या येतच राहिल्या. मका कसा झाला, बकरी व्याली, वगैरे. मी फोनवर वाचायची. ते माझा ‘ळ’ सुधारायचे. त्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. पण एकदा सकाळी मी केंद्राकडे जाताना पाहिलं: मुलं शाळेला निघाली, त्यांच्या घरावरून जाणार, इतक्यात माटसाब उठून आत गेले आणि दार ओढून घेतलं. मुलं पुढे गेल्यावर बाहेर आले. मुलांना आपल्याला राम-राम करावा की करू नये असं कोडं पडू नये, म्हणून.

असे आठ महिने गेले.

नव्या सत्राची पालकसभा होती. मुलं वाढली होती, एकटी सेवंती पुरत नव्हती. व्हरांडा भरलेला. माटसाब अगदी कडेला, खांबाला टेकून बसले होते, नातीचं नाव घालायला आलेले. एका आजीबाईनं विषय काढला. माटसाबला परत बोलवा, ती म्हणाली, माझा नातू घरी सरडे मोजत बसतो, त्याला कुणी विचारत नाही.

थोडी माणसं हसली. बऱ्याच जणांनी मान डोलावली. मग सगळ्यांनी सेवंतीकडे पाहिलं.

“मेरे भी माटसाब हैं,” सेवंती म्हणाली. तिला बोलणं जड जात होतं. “पर उन्होंने ही सिखाया, बिना पढ़े साइन मत करना. और ख़ुद पढ़के, समझके, हम सबका नाम वो लिखवा दिया. कोई पूछे तो मैं बच्चों को क्या बताऊँ? वो आएँगे तो मैं नहीं आऊँगी.”

माटसाब आपल्या नातीच्या केसांतली पिन नीट करत होते. त्यांना हे मान्य होतं, आणि सेवंतीचा त्यांना अभिमानही वाटत होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तेच मला बघवलं नाही.

मी उभी राहिले. चाळीस-पन्नास माणसांसमोर मी कधीच उभी राहिले नव्हते. वही खाली पडली.

माटसाबांना कळलं. चहाबद्दल काही सांगावं तशा आवाजात ते मराठीत म्हणाले, “ताई, खाली बसा. तो विषय संपलेला आहे. आपले नुकसान करून घेऊ नका.”

ती भाषा तिथं आम्हा दोघांखेरीज कुणालाच येत नव्हती. त्याच भाषेत मी त्यांना फसवलं होतं, आणि त्याच भाषेत ते मला अजून वाचवत होते. मीही मराठीत “हो सर” म्हणून खाली बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं.

मी सेवंतीकडे पाहिलं आणि सगळ्यांना समजेल अशा हिंदीत म्हणाले,

“माटसाब ने वो काग़ज़ नहीं पढ़ा था. मैंने पढ़के सुनाया था, और नाम मैंने झूठा पढ़ा. मामा का मतलब मुझे मालूम था.”